दोन खात्यांमधलं कुलूप

४ मार्च

प्रिय पान्या,

पत्ता आईकडून काढला. ती देत नव्हती. "त्याने नको म्हटलंय," एवढंच तिचं टुमणं. शेवटी म्हटलं, सरकारी कागद आलाय, त्याला कळवलं नाही तर नुकसान त्याचंच आहे. तेव्हा कुठे तिने चष्म्याच्या डबीतून चिठ्ठी काढली. त्यामुळे पहिली गोष्ट ही, की आईवर रागावू नकोस. रागवायचं तर माझ्यावर, ती सवय तुला आहेच.

कागद असा आहे. लिफ्ट निरीक्षकांच्या कार्यालयात वीस जूनला तुझी सुनावणी आहे. वर्षासाठी काढून घेतलेला तुझा परवाना एक तर परत मिळेल, नाही तर कायमचा जाईल. कायमचा म्हणजे पुन्हा कुठल्याही लिफ्टला हात लावायचा नाही. तुला दुसरं काय येतं? अकराव्या वर्षी घरातलं भिंतीवरचं घड्याळ खोलून मांडून बसलास म्हणून अप्पांनी तुझं नाव पान्या ठेवलं, आणि सतराव्या वर्षी लिफ्टच्या खड्ड्यात उतरवलं. आता तू बंदरावर क्रेनला ग्रीस लावतोस असं आई सांगते. लाव. पण जन्मभर?

माझं ऐकशील तर ये, साहेबांसमोर उभा राहा आणि म्हण, नजरचूक झाली, पुन्हा होणार नाही. साहेबलोकांना खाली घातलेली मान आवडते. पाच मिनिटांचं काम आहे. त्या शिवणकामवाल्या बाईंचा पाय गेला हे कुणालाच बदलता येणार नाही, पण तुझं आयुष्य तरी मार्गाला लागेल.

इकडे सगळं ठीक आहे. नवीन रचनेला सव्वा वर्ष झालं. तुला ती कधीच पटली नाही, पण तू शांतपणे एकदा विचार कर. अप्पांच्या वेळी साठ इमारती होत्या. एक माणूस, दहा इमारती. रस्सा त्याचा, दार त्याचं, मोटार त्याची, वायर त्याची, आणि रहिवाशांच्या शिव्यासुद्धा त्याच्याच. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत पाटीवर त्याचं नाव. फार छान. पण आता तीनशे चाळीस इमारती आहेत. आठवतं ना, रस्सेकाका तापाने फणफणले होते तेव्हा त्यांच्या तीन लिफ्ट चार दिवस बंद होत्या? कारण कुठल्या मोटारीला काय दुखतं ते फक्त काकांच्या डोक्यात. पाचव्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या गृहस्थांना खुर्चीसकट उचलून खाली आणावं लागलं होतं. तेव्हा तूच म्हणाला होतास, "ताई, हे असं चालायचं नाही."

म्हणून मी खाती केली. रस्सा-मोटार खातं, दार खातं, वीज खातं आणि तक्रार खातं. प्रत्येकाने आपलं एकच काम करायचं आणि उत्तम करायचं. तो टायवाला सल्लागार काही वेडा नव्हता. धंदा वाढला की घडी बदलावी लागते.

उत्तर पाठव. निदान येतोस की नाही एवढं तरी.

तुझी ताई


२३ मार्च

पान्या,

एकोणीस दिवस झाले. पोस्टमन तुझ्या वर्कशॉपपर्यंत पोचतो हे मी चौकशी करून पाहिलंय, तेव्हा पत्र मिळालं नाही ही सबब चालायची नाही.

आईच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी असतानाही तिला माझ्या चेहऱ्यावरचं सगळं दिसतं. "त्याला काय लिहिलंस?" म्हणून विचारत होती. म्हटलं, ये म्हणून लिहिलं. "आणि?" म्हणाली. आणि काय? आईचं हे 'आणि' फार वाईट असतं, तुला माहीत आहे.

तुला हसवायला एक सांगते. त्या वसतिगृहातल्या लिफ्टचं दार करकरत होतं. वीज खात्याचा माणूस गेला, "आमच्याकडे दोष नाही" लिहून आला. दार खात्याचा गेला, दार उघडून-मिटून पाहिलं, "आमच्याकडे दोष नाही." रस्सेवाला गेला, तोही तेच. पाच दिवसांत सहा माणसं आणि लिफ्ट करकरतेच आहे. शेवटी वसतिगृहाच्या झाडूवाल्या बाईने आपल्या शिलाई मशीनचं तेल आणून घातलं आणि वर आमच्या माणसाला म्हणाली, "तेल कुठल्या खात्याचं ते नंतर ठरवा." ऑफिसात सगळे पोट धरून हसले. मीही हसले.

घरी आल्यावर तेवढं हसू येईना. कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही, असं अप्पा म्हणाले असते. पण सुरुवातीला असं होतंच. तक्रार खात्यात मी आणखी दोन माणसं वाढवली आहेत, म्हणजे ते मार्गी लागेल.

रस्सेकाका तुझी आठवण काढतात. म्हणजे तोंडाने काढत नाहीत. परवा तुझी हत्यारांची पिशवी खुंटीवरून काढून पुसत होते. मी पाहिलं तर म्हणाले, "धूळ बसली होती." सव्वीस वर्षांत त्या माणसाने स्वतःच्या पिशवीवरची धूळ कधी पुसलेली नाही.

सुनावणीला तू येणार असशील तर मी वकील बघून ठेवते. बाईंकडे मी अजून गेलेले नाही. विचारू नकोस.

ताई


१० एप्रिल

पान्या,

तुझं कार्ड मिळालं. दहा महिन्यांनी भाऊ पत्र लिहितो आणि त्यात शब्द किती? दोन. "कुलूप कुणाचं?" ना प्रिय, ना सही, ना आईची चौकशी.

मी इतकी चिडले की कार्ड टेबलावर आपटून तशीच बाहेर गेले. टायपिस्टने उचलून वाचलं असणार, कारण परत आले तर ती खाली मान घालून नुसतीच कागद सारखे करत होती.

ठीक आहे. विचारलंच आहेस तर बोलू. लिफ्ट जागेवर नसताना दार उघडू नये आणि दार नीट मिटलेलं नसताना लिफ्ट हलू नये, म्हणून ते कुलूप असतं. एक लोखंडी आकडा अडकतो, आणि आकडा अडकला की चौकटीवरच्या स्विचच्या डबीतली वीज जोडली जाते. आकडा झिजला, दार किलकिलं राहिलं, पण डबीत वीज जोडली गेली, तर लिफ्टला वाटतं दार मिटलंय आणि ती निघते. त्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर तेच झालं. बाई कापडाचा गठ्ठा घेऊन बाहेर पडत होत्या. एक पाय बाहेर, एक आत.

हे मला तू शिकवायला नको, मी त्याच अप्पांची मुलगी आहे.

पण चौकशीचा अहवाल काय म्हणतो? अहवाल म्हणतो, अपघाताच्या नऊ दिवस आधी त्या इमारतीच्या तपासणी तक्त्यात दाराच्या रकान्यात "ठीक" लिहिलंय आणि खाली दार खात्याच्या प्रमुखाची सही आहे. सही कुणाची? तुझी. मी तुझा हात धरून सही करवली नव्हती. वीज खात्यानेही त्यांच्या रकान्यात "ठीक" लिहिलं, कारण त्यांनी तपासली तेव्हा डबीत वीज येत होती. निरीक्षकांनी दोन्ही पाहिलं आणि म्हणाले, आकडा दारावर असतो, तेव्हा जबाबदारी दाराची. यात मी काय करायला हवं होतं? भाऊ म्हणून तुला पाठीशी घातलं असतं तर लोक म्हणाले असते, आपला तो बाब्या. मला तीनशे चाळीस इमारती सांभाळायच्या होत्या. दीडशे घरं या धंद्यावर चालतात.

तेव्हा कुलूप कुणाचं हे मला विचारू नकोस. अहवालाला विचार.

पुन्हा लिहिणार नाही असं लिहून पाकीट बंद करणार होते. पण सुनावणी वीस जूनला सकाळी अकराला आहे, हे लक्षात ठेव.

ताई


३ मे

पान्या,

आज मी त्या इमारतीत गेले होते. मुद्दाम नाही. म्हणजे, मुद्दामच.

लिफ्टने गेले नाही. जिना चढले. लिफ्टच्या मालकिणीला जिना चढताना पाहून पहारेकरी गालातल्या गालात हसला. आधी गच्चीवर मशीनच्या खोलीत गेले. भिंतीला नवीन रंग लावलाय आणि त्यावर आपला नवीन तक्ता. चार रकाने, चार सह्या. तुझ्या सहीच्या जागी आता दुसऱ्याची. पण पाटीची जुनी जागा रंगाखालून उठून दिसते, कारण अप्पा अक्षरं ऑईलपेंटने काढून घेत. हात फिरवला तर नाव लागतं. तुझंच आहे. खाती होण्याआधी ही इमारत तुझी होती, हे मी विसरले होते की मला विसरायचं होतं, कोण जाणे.

मग तिसऱ्या मजल्यावर गेले. बेल वाजवली आणि पळून जावंसं वाटलं.

बाईंनी दार उघडलं. बगलेत कुबडी. मी नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "ओळखलं. तोंडवळा त्याच्यासारखाच आहे." बसा म्हणाल्या. चहा केला, एका हाताने. मी मदतीला उठले तर म्हणाल्या, "बसा हो, इतका वेळ नाही आलात ना, आता बसा."

पान्या, मला वाटलं होतं त्या रडतील, ओरडतील. मी त्याची तयारी करून गेले होते. त्यांनी तसं काहीच केलं नाही. त्यांनी फक्त सांगितलं. अपघाताच्या आधी दोन आठवडे दार नीट लागत नव्हतं. त्यांनी आमच्या प्रत्येक माणसाला सांगितलं. दारवाला म्हणाला, डबी वीजवाल्यांची आहे, कळवतो. वीजवाला म्हणाला, वीज येतेय, आकडा दारवाल्यांचा. ऑफिसला फोन केला तर बाईने फार गोड आवाजात तक्रारीचा क्रमांक दिला. "क्रमांक मी भिंतीवर लिहून ठेवलाय," म्हणाल्या. खरंच आहे, कॅलेंडरच्या शेजारी पेन्सिलीने. "आधी तुमचा भाऊ यायचा. तेव्हा क्रमांक नव्हता, माणूस होता. जिन्यातून नुसती हाक मारली की झालं. तुम्ही सगळं सुधारलंत आणि मला हाक मारायला कुणी उरलं नाही."

मी म्हटलं, माझ्या भावाचा परवाना गेलाय. का म्हटलं ते माहीत नाही. जणू हिशेब फिटला असं सांगायला. त्या म्हणाल्या, "ठाऊक आहे. तो सांगून गेला. दोन महिन्यांनी एकदा येतो ना."

सांगून गेला! तू येतोस! दोन महिन्यांनी एकदा येतोस, त्यांच्याकडे बसतोस आणि घराकडे न वळता परत जातोस! आईला माहीत आहे? असणारच. चष्म्याच्या डबीत आणखी काय काय आहे देव जाणे.

मग त्यांनी शिलाई मशीन दाखवलं. उजव्या पायाने चालवायच्या त्या. तू पॅडल काढून डावीकडे बसवलंयस, आणि जोडकामाच्या ठिकाणी कानस मारून इतकं गुळगुळीत केलंयस की धागासुद्धा अडकणार नाही. मला कुणी सांगायची गरज नव्हती. तुझं काम मी अंधारातही हाताने ओळखेन.

"बसवून झाल्यावर तो खाली बसून रडला," म्हणाल्या. "मीच त्याला म्हटलं, अरे पुरे, तुझ्या एकट्याचं आहे का ते."

मी जिना उतरून आले. चौकात येईपर्यंत छत्री विसरल्याचं कळलं नाही. परत जायची हिंमत झाली नाही.

ताई


२७ मे

प्रिय पान्या,

हे पत्र तीनदा फाडलंय. आता फाडणार नाही, कसंही लिहिलं तरी.

तू "कुलूप कुणाचं" हे पहिल्यांदा विचारलंस ते कार्डावर नाही. नवीन रचना सांगायची मीटिंग होती. भिंतीवर टायवाल्याचा तक्ता, चौकोन आणि रेघा. मी छडीने दाखवत होते. मला फार ऐट आली होती, खोटं कशाला बोलू. अप्पांच्या खुर्चीत बसून मला पहिल्यांदाच वाटत होतं की हे माझं आहे. आणि तू मागून हात वर केलास. "ताई, कुलूप कुणाचं? आकडा दारावर, डबी विजेची. चौकोन कुठला?"

मी टायवाल्याकडे पाहिलं. त्याने कागद चाळले. मी म्हटलं, "दोघांचं. पुढे चला."

रस्सेकाका हळूच म्हणाले, "दोन घरचा पाहुणा उपाशी." आणि तू पुन्हा विचारलंस. तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हटलं, "तुझं खातं लहान पडलं म्हणून आता कुलूप पण मागतोस का?" सगळे हसले. तू खाली बसलास. तुझे कान लाल झाले होते, लहानपणी व्हायचे तसे. मी पाहिलं आणि छडी पुढच्या चौकोनावर नेली.

ते झालं गेल्या वर्षी जानेवारीत. मार्चमध्ये तू दवाखान्याच्या इमारतीत डबी उघडून आकडा बदललास. वीज खात्याचा करंट (त्याचं हे नाव तूच ठेवलंस) तणतणत आला, डबीवरचं आमचं सील तोडलं म्हणून. तुला बोलावून विचारायला हवं होतं, बाबा का तोडलंस? मी विचारलं नाही. लेखी मेमो दिला. "दुसऱ्या खात्याच्या कामात ढवळाढवळ करू नये. पुन्हा घडल्यास कारवाई केली जाईल." खाली माझी सही. सख्ख्या भावाला मेमो देते म्हणजे मी किती निःपक्षपाती, असं मला वाटलं. त्या दिवशी मी जेवताना आईलाही हे फुशारकीने सांगितलं. तिने वाढता वाढता हात थांबवला होता.

तीन आठवड्यांनी तू बाईंच्या इमारतीत गेलास. दार पाहिलंस, डबी पाहिलीस, सील पाहिलंस. आणि माझं ऐकलंस. आयुष्यात पहिल्यांदा माझं ऐकलंस, पान्या. वीज खात्याला चिठ्ठी टाकलीस, दाराच्या रकान्यात सही केलीस आणि खाली उतरलास. करंटने ती चिठ्ठी दोन दिवसांनी तक्रार खात्याकडे पाठवली. तिथे तिला क्रमांक मिळाला. सगळ्यांनी नियमाप्रमाणे केलं.

आता जे लिहायचं आहे ते लिहिते. अपघात झाला तेव्हा तू दवाखान्यात बाईंपाशी होतास, दोन दिवस तिथेच. त्या दोन दिवसांत मी जानेवारीच्या मीटिंगचं टिपण काढलं. टायपिस्टने सगळं लिहिलं होतं, तिची शिस्त. तुझा प्रश्न, माझं "दोघांचं", सगळं. मी ते पान पुन्हा टाइप करायला सांगितलं, तेवढ्या चार ओळी सोडून. सगळ्यांच्या सह्या पुन्हा घेतल्या. काकांनी सही करताना मला विचारलं, "पोरी, नक्की?" मी म्हटलं, दीडशे घरांचा प्रश्न आहे. त्यांनी सही केली आणि त्या दिवसापासून माझ्याशी कामाव्यतिरिक्त बोलत नाहीत. निरीक्षकांना ते पान गेलं. त्यात तू गप्प बसलेला आहेस.

आणि मेमो? मी धरून चालले होते की चौकशीत तू तो टेबलावर टाकशील. तुझ्याकडे मूळ प्रत होती. मी उत्तरही तयार ठेवलं होतं. तू तो काढलाच नाहीस. "सही माझी आहे," एवढंच म्हणालास आणि मूग गिळून बसलास. तेव्हा मला वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला. अशी तुझी बहीण.

जुनं पान मी फाडलं नाही. का, ते विचारू नकोस, चांगुलपणा म्हणून नव्हे. हात धजला नाही. तुझ्या हत्यारांच्या पिशवीत, तळाच्या कप्प्यात आहे. काकांनी पिशवी पुसली तेव्हा माझं धाबं वर्षभरात पहिल्यांदा इतकं दणाणलं. आता वाटतं, त्यांना माहीत होतं.

वीस तारखेला तू आला नाहीस तरी मी जाणार आहे. "नजरचूक झाली" असं तू म्हणायची गरज नाही. तसं तुला लिहिलं होतं, ते परत घेते.

ताई


२४ जून

प्रिय पान्या,

तू आला नाहीस. अकरा वाजेपर्यंत मी दाराकडे पाहत होते. बाई मात्र आल्या होत्या, कुबडी घेऊन दोन मजले चढून, कारण त्या कार्यालयाची लिफ्ट बंद होती. (आपली नाही, दुसऱ्यांची. तरी लाज वाटली.) येताना माझी छत्री आणली होती.

मी दोन्ही पानं दिली. जुनं आणि नवीन. मेमोची कार्यालयीन प्रत दिली. साहेबांनी दोनदा वाचलं, चष्मा काढला. "हे वर्षापूर्वी का दिलं नाहीत?" मी वकिलाने पढवलेलं सगळं विसरले. म्हटलं, "भीती वाटली. खुर्ची जाईल म्हणून." त्यांनी ते तसंच्या तसं लिहून घेतलं. मग एक छापील कागद पुढे केला. खाली रकाना होता, जबाबदार व्यक्तीचं नाव. एकच ओळ. दोन नावं मावतील एवढी जागासुद्धा नव्हती. मी लिहिलं. अक्षर घाणेरडं आलं, पण माझंच आहे.

तुझा परवाना तुला परत दिलाय. निकालाची प्रत सोबत जोडली आहे. परवाना मी मागितला, त्यांनी दिला नाही. "ज्याचा त्याने येऊन सही करून न्यायचा," म्हणाले. बरोबरच आहे. कंपनीची जबाबदार व्यक्ती म्हणून माझी नोंदणी काढून घेतली, आणि खोट्या पानाचा खटला वेगळा चालेल. व्हायचं ते होईल. मी खुर्ची सोडली. काका बसायला तयार नव्हते, म्हणाले, "मला खड्ड्यात बसायची सवय." शेवटी खुर्चीवर फळकूट टाकून बसले, पाठ दुखते म्हणून. परवा मला त्यांनी चहा घेतलास का म्हणून विचारलं. चौदा महिन्यांनी.

जाता जाता मी एक काम केलं, आणि या वेळी छडी हातात न घेता. सगळ्या मेकॅनिकांना खाली जमिनीवर बसवलं आणि विचारलं, कसं हवं? तीन दिवस भांडण झालं. कुणी म्हणे अप्पांचंच परत आणा. पण काकांनीच नको म्हटलं, "मी आजारी पडलो तर पुन्हा म्हातारा खुर्चीत अडकेल." शेवटी ठरलं असं. जवळजवळच्या पंचवीस इमारतींना चार माणसांची एक टोळी. चौघांत रस्सेवाला, दारवाला, वीजवाला असतील, पण एकमेकांचं काम शिकतील, आणि सील वगैरे काही नाही. कठीण अडलं तर खात्यातला जाणकार बोलवायचा. पण प्रत्येक इमारतीला पाटीवर एकच नाव. हाक मारायला. करंटने विचारलं, आणि कुलूप? सगळ्यांनी एकदम उत्तर दिलं, "पाटीवाल्याचं." तोही हसला. हेच त्या मीटिंगमध्ये विचारलं असतं तर पाच मिनिटं लागली असती.

पेंटर सगळीकडे पाट्या रंगवून गेला. बाईंच्या इमारतीची तेवढी कोरी आहे. पेंटर म्हणाला, रंगाखाली जुनं नाव दिसतंय, त्यावरच गिरवू का? मी नको म्हटलं. तुला न विचारता चौकोनात बसवायची माझी सवय फार महागात पडली. यायचं की नाही, कुठे यायचं, तू ठरव. तू बंदरावरच राहिलास तर पाटीवर दुसऱ्याचं नाव लागेल, बाईंनाही तसं सांगितलंय. त्या म्हणाल्या, "महिनाभर थांबा की. घाई कसली?"

मी ऑफिसात नसेन. तिकडे गेलास तर माझं तोंड बघावं लागणार नाही. घरी मात्र असेन, आईच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन अजून व्हायचंय.

कार्डावर तू दोन शब्दांत विचारलं होतंस. तेच मीटिंगमध्येही. मी दीड वर्ष त्याचं उत्तर दिलं नाही, आणि मग चार पानं लिहून इकडेतिकडे दिलं. साहेबांच्या कागदावर लिहून झालं, पण तुला लिहिल्याशिवाय ते पुरं होत नाही.

कुलूप माझं होतं.

ताई